कलेजीचं तेल

रेवताबाई चमचा आधी चुलीच्या कडेला धरायची. पौषातल्या थंडीत शिशीतलं तेल घट्ट व्हायचं, आणि घट्ट तेल घशाला चिकटतं, सुनेला त्रास होतो, एवढी काळजी तिला होती. तेल पातळ झालं की ती उठायची, उजव्या हातानं चमचा पुढं करायची आणि डाव्या हाताचा तळवा ज्योत्सनाच्या हनुवटीखाली धरायची, थेंब सांडू नये म्हणून. चमचा तोंडात गेला तरी ती हलायची नाही. गळ्याची हालचाल दिसली, म्हणजे मगच पाठ वळवायची.

गिळल्यासारखं दाखवणं ज्योत्सनाला आता जमू लागलं होतं. तेल जिभेखाली आणि गालात धरायचं, नुसती थुंकी गिळायची, रिकामा चमचा परत द्यायचा आणि पाण्याची बादली उचलून, घाई न करता, मागच्या मोरीकडं जायचं. मोरीशेजारी चुलीच्या राखेचा ढीग होता. तिथं वाकून थुंकायचं, पायानं वर राख सारायची, चूळ भरायची. दहा चुळा भरल्या तरी दुपारपर्यंत तोंडाला वास राही. तिसरा महिना चालू होता, पोटात पाणी ठरत नव्हतं. पण ओकारी काढली तर सासू दुसरा चमचा आणेल, या धाकानं ती ओकारीही दाबून धरायची.

सानगडीपासून अर्ध्या तासावर एका जुन्या मालगुजारी तलावाच्या पाळीखाली, त्या मातीच्या बांधालगत, ढिवरांची टोली आहे, पंचवीस-तीस घरं. सगळी मासोळीवर जगणारी. त्यात रेवताबाईचं घर डोळे मिटूनही, नुसत्या वासावरून सापडलं असतं. तलावाचं पाणी उतरू लागलं की मोठी मासोळी जाळ्यात येते. रोहू-कतला बाजारात जायचे. पण कोणाच्या जाळ्यात हातभर लांबीचा शिंगाळा आला, की त्याची कलेजी आणि पोटातली चरबी पळसाच्या पानात बांधून रेवताबाईच्या दारी पोचायची. मागच्या अंगणात लोखंडी कढईत मंद जाळावर ती तासन् तास हलवत बसायची. वर तरंगलेलं पिवळं तेल जुन्या धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळायचं, उन्हात ठेवायचं, शिशीत भरायचं. हे तिला तिच्या सासूनं शिकवलं होतं.

आणि त्या तेलाला गुण होता, यात खोटं काही नव्हतं. गावातले पुंडलिकराव तरुणपणी दिवेलागणीनंतर आंधळे व्हायचे. धानाच्या बांधावरून घरी यायला बायकोचा हात धरावा लागायचा. रेवताबाईनं त्यांना ते तेल पाजलं आणि दोन महिन्यांत माणूस अंधारात एकटा फिरू लागला. तेव्हापासून नवं धान निघालं की पहिली पायली त्यांच्याकडून इथं येते. मुडदूस झालेली पोरं, थंडीत धरलेले गुडघे, बैलाच्या खुरातली जखम, सगळ्याला तेच तेल. उरलंसुरलं तलावात चालणाऱ्या डोंग्याच्या लाकडाला, भेगा पडू नयेत म्हणून.

ज्योत्सना चार वर्षांपूर्वी सिहोऱ्याकडून या घरात आली. बारावी झालेली, शांत. दोन वर्षांपूर्वी तिला दिवस गेले होते. तेव्हाही रेवताबाईनं चमचा पुढं केला होता, पण वास आला की तिला भडभडून यायचं, म्हणून तिनं नको म्हटलं. तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला. सासूनं तोंडावर एक शब्द काढला नाही. या खेपेला मात्र दुसरा महिना लागल्याचं कळलं, त्या दिवसापासून ती चमचा घेऊन समोर उभी राहू लागली.

रेवताबाईला हे बळ मिळालं होतं ते आरोग्य केंद्राच्या हर्षा सिस्टरकडून. दिवाळीनंतर अंगणवाडीत बायकांची बैठक झाली. सिस्टरनं चित्रं दाखवली आणि सांगितलं, की मासोळीच्या तेलात एक चरबी असते, तिनं पोटातल्या बाळाचा मेंदू आणि डोळे चांगले घडतात, हृदयाच्या दुखण्यालाही ते बरं. शहरातल्या बाया त्याच्या गोळ्या घेतात, तुमच्या तर दारात तलाव आहे. रेवताबाई सगळ्यांत पुढं बसली होती. ढिवरांच्या टोलीत मासोळीचं तेल म्हणजे एकच. गोळीतलं तेल समुद्रातल्या मासळीच्या अंगातून काढतात आणि आपलं निघतं कलेजीतून, हा फरक तिथं बसलेल्या एकीच्याही डोक्यात आला नाही. सिस्टरच्याही नाही. कोणी घरात कलेजीचं तेल काढत असेल, याची त्यांना कल्पनाच नव्हती. रेवताबाई त्या दिवशी घरी आली ती मान वर करून. सरकारी बाईनं भर बैठकीत तिच्या कढईला मान दिला होता.

ज्योत्सनानं अकरा दिवस ते तेल खरोखर गिळलं. बाराव्या दिवशी तपासणीला गेली तेव्हा तिनं सिस्टरला आपणहून सांगितलं, की तुम्ही सांगितलेलं तेल मी रोज घेते, घरचं आहे. हर्षा सिस्टरनं लिहिता लिहिता पेन थांबवला. कशाचं तेल, किती, कधीपासून, असं एकेक विचारून घेतलं. मग दार लोटून समोर बसल्या आणि समजावलं. कलेजीत अ जीवनसत्त्व साठतं. रातांधळ्याला ते औषध आहे, पण पोटुशी बाईला पहिल्या महिन्यांत ते फार झालं, तर बाळाचे अवयव घडतानाच बिघडू शकतात. मासोळी खा, रोहूचा तुकडा आठवड्यातून दोनदा खा. हे तेल मात्र थेंबभरही नको. अकरा दिवसांनी काही होईलच असं नाही, पाचव्या महिन्यात सोनोग्राफीत पाहू.

ज्योत्सनानं विचारलं, कोणते अवयव. त्या म्हणाल्या, कान, टाळू, हृदय.

परतीच्या ऑटोत आणखी सहा जणी होत्या. कोण काय बोललं, ते तिला आठवत नाही. तिच्या मनात कान हा एकच शब्द होता.

घरात प्रेरणा होती. रेवताबाईच्या लेकीची, चंद्रकलेची मुलगी, सात वर्षांची. जन्मली तेव्हा तिच्या डाव्या कानाच्या जागी नुसता कळीएवढा मांसाचा गोळा होता. त्या बाजूनं तिला ऐकू येत नाही, म्हणून कोणी बोलू लागलं की ती मान वळवून उजवा कान पुढं करते. कोंढ्याला वडिलांच्या घरी पोरं चिडवायची, म्हणून आजीनं तिला इकडं आणलं. रोज सकाळी आजी तिची वेणी घालते आणि डावीकडचे केस असे खाली आणते, की काही दिसू नये.

चंद्रकला त्या बाळंतपणाला दुसऱ्या महिन्यातच माहेरी आली होती, ओकाऱ्यांनी अंथरुणाला खिळून. आईनं तिला रोज चमचा पाजला होता. हे टोलीत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण रेवताबाई ते अभिमानानं सांगायची. आणि कानाचं कारणही सगळ्यांना ठाऊक होतं: चंद्रग्रहण लागलं असताना चंद्रकलेनं पावशीवर, म्हणजे विळीवर बसून मासोळी कापली. रेवताबाईनं ते लेकीला तोंडावर सांगितलं होतं, बारशाला, दिवाळीला, फोनवर, पाहुण्यांसमोर. सात वर्षांत चंद्रकलेनं एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं. तिचाही त्यावर विश्वास होता.

ज्योत्सनानं त्या संध्याकाळी नवऱ्याला तलावाच्या पाळीवर गाठलं. देवानंद जाळ्याची फाटकी कडी विणत होता. तिनं सगळं सांगितलं, सिस्टरचं, तेलाचं, आणि शेवटी कानाचं. त्यानं सुई थांबवली नाही. विणता विणताच म्हणाला, "मायले हे नको सांगू."

"मंग पेत राहू?"

"तसं नाई म्हणत मी. पण तू सांगशील तं माय समजून जाईन. सात साल तिनं चंद्रकलेले बोल लावले. ते वापस कसे घेईन?" मग खालीच पाहत म्हणाला, "थुकून देत जा. थोडेच तं महिने काढाचे हायेत."

थुंकणं असं सुरू झालं. दुसरी वाट नव्हती. सांगितलं तर एका म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावर नातीचा कान येणार होता, आणि तोही नक्की नसताना. सिस्टरही नक्की सांगू शकल्या नसत्या. नाही सांगितलं तर रोज सकाळी चमचा होताच. तिला माहेरी जायचं होतं, पण तिसऱ्या महिन्यात इतक्या लांब गाडीवर बसायचं नाही, हेही रेवताबाईनंच ठरवलं होतं. सासू दिवसभर तिच्याभोवती असायची. पाण्याचा हंडा उचलू द्यायची नाही. रात्री पायाला तेल चोळायची, तेच तेल. ज्योत्सना पाय आखडून घ्यायची आणि गुदगुल्या होतात म्हणायची.

ज्योत्सनाला मांजरीनं उघडं पाडलं.

घरातली कबरी मांजर आठवडाभर सकाळी बादलीमागोमाग मोरीकडं येऊ लागली होती. ज्योत्सना हाकलायची, ती भिंतीवर जाऊन बसायची. ज्योत्सना आत गेली की खाली उतरायची आणि राख उकरून चाटायची. एके दिवशी ज्योत्सना चूळ भरून वळली, तर रेवताबाई मागच्या दारात उभी होती. तिची नजर सुनेकडं नव्हती, मांजरीकडं होती. मग ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चमचा आला नाही. ज्योत्सनाला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. दुपारी भात आणि रोहूचा रस्सा वाढला गेला. पहिला घास तोंडात घेतला आणि तिला कळलं. रश्श्यावरची तर्री नेहमीपेक्षा जाड होती, पिवळी. तिनं तो घास गिळला नाही, पदराआड हातात काढला. मग कोरडा भात मिरचीच्या ठेच्याबरोबर खाल्ला. रात्री वरणात तेच. दुसऱ्या दिवशी तर भातातही वास आला. सासू वेगळं वाढायची, तिच्या ताटातलंच तेवढं तसं असायचं. दोन दिवस ती भाकरीच्या कडा आणि मीठ यांवर राहिली. उभं राहिलं की डोळ्यांपुढं काळं यायचं, आणि पोटातल्या जिवाला वाचवायला आपण त्यालाच उपाशी ठेवतोय, हे तिला कळत होतं.

तिसऱ्या दिवशी जेवताना रेवताबाई समोर येऊन बसली. पलीकडं प्रेरणा जेवत होती.

"काहून खाऊन नाई राहिली?"

"भूक नाई, माय."

"मांजर राख चाटून राहिली आठ दिवसांपासून. मांजर राख कायले चाटन वो? तिनं मले सांगतलं. तू कवा सांगतं?"

ज्योत्सनानं ताटात पाहिलं. "सिस्टरनं मना केलं."

"सिस्टरनंच तं सांगतलं होतं. मी काय बहिरी हाय का?"

"ते तेल दुसरं हाय, माय."

"मासोळीचं तेल दुसरं कसं राहीन?"

उत्तर ज्योत्सनाच्या ओठावर होतं. प्रेरणानं हातातला घास तसाच धरून मान वळवली होती, उजवा कान त्या दोघींकडं. ज्योत्सना म्हणाली, "गरम पडते म्हणे."

ते खोटं तिनं दुसरं काही सुचलं नाही म्हणून सांगितलं, आणि सांगताक्षणी तिला कळलं की आपण आणखी आत गेलो. रेवताबाईला ते पटलं नाही. गरम पडतं म्हणूनच तर थंडीत पितात. ती उठली, शिशीचं बूच घट्ट केलं आणि शिशी पदरात बांधली. "उद्या मी येतो तुह्यासंग. सिस्टरले दाखवतो, कसं तेल हाय ते. दोनदा गाळतो मी."

आरोग्य केंद्रात बायकांची रांग होती. वजन करायच्या निमित्तानं ज्योत्सना पुढं सरकली आणि हर्षा सिस्टरच्या कानाशी लागली. थोडक्यात सगळं सांगितलं आणि विनवलं, की गरम पडतं एवढंच म्हणा, बाकी काही बोलू नका. सिस्टरनं दाराकडं पाहिलं. बाकावर रेवताबाई शिशी मांडीवर घेऊन बसली होती आणि शेजारच्या बाईला तिचे गुण सांगत होती.

"आणि उद्या या बाई दुसऱ्या पोटुशीला पाजतील," सिस्टर हळूच म्हणाल्या, "तिला कोण सांगणार?"

टोलीतल्या बेबीबाईच्या सुनेला नुकतेच दिवस गेले होते, आणि तिच्यासाठी छोटी शिशी भरून ठेवलेली ज्योत्सनानं स्वतः पाहिली होती.

रेवताबाई आत आली. सिस्टरनं शिशी उजेडात धरून पाहिली, तेल स्वच्छ असल्याचं मान्य केलं. रातांधळ्याला ते कसं लागू पडतं, हेही सांगितलं, तेव्हा रेवताबाईनं सुनेकडं पाहिलं. मग सिस्टर कलेजीबद्दल बोलू लागल्या. आवाज न चढवता, पण काही न गाळता. बैठकीत आपण नीट सांगितलं नाही, ही आपली चूक झाली, असंही म्हणाल्या.

रेवताबाईनं मध्येच विचारलं, "बिघडते म्हंजे काय होते?"

"टाळू, हृदय." सिस्टरनं शिशी मेजावर ठेवली. "कान."

"दोन्ही?"

"एखादासुद्धा. पण आजी, सगळ्यांना होतंच असं नाही. आणि कोणाला झालं तर ते यानंच झालं, असंही सांगता येत नाही."

"आनं ग्रहणानं?"

"ग्रहणानं काही होत नाही." हे त्या प्रत्येक बैठकीत सांगत असत.

रेवताबाईनं शिशी उचलली, बूच आहे की नाही ते चाचपलं, पदरात बांधली. ज्योत्सना तिच्याकडं पाहू शकली नाही. ऑटोत दोघी शेजारी बसल्या होत्या. खड्डा आला की रेवताबाई सवयीनं सुनेच्या पोटापुढं हात धरत होती.

गावात उतरल्यावर ती घरी गेली नाही. आधी बेबीबाईच्या दारात गेली आणि उभ्या उभ्या सांगितलं, की सुनेसाठी तेल मागायला येजो नको, मी देणार नाई. बेबीबाई तोंडाची फटकळ. तिनं विचारलं, काय झालं, कढई सोन्याची झाली का? रेवताबाई तिथून निघाली. घरी येऊन शिशी देवानंदच्या हातात दिली आणि म्हणाली, डोंग्याले लाव. देवानंदनं आईकडं पाहिलं, मग बायकोकडं, आणि शिशी घेऊन पाळीकडं निघून गेला. तो त्या दिवशी लवकर परतला नाही.

संध्याकाळच्या जेवणात ज्योत्सनाच्या ताटात साधं वरण होतं आणि रोहूचा तळलेला तुकडा. तिनं पोटभर खाल्लं. खाताना तिला लाज वाटत होती.

भांडी झाल्यावर रेवताबाई चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "चंद्रकलेले फोन लाव."

तिला नंबर लावता येत नसे. ज्योत्सनानं फोन लावून तिच्या हातात दिला. पलीकडून आवाज आला, माय, इतक्या उशिरा काहून, प्रेरणा बरी हाय ना? रेवताबाईनं ते ऐकून घेतलं. मग एकदम, जणू पाठ केलेलं विसरण्याआधी म्हणून टाकावं तसं बोलली.

"चंद्रकला, ग्रहणाचं काही नवतं वो. तुह्या हातून काही झालं नाई."

पलीकडून चंद्रकलेचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट, फोनबाहेरही ऐकू जाईल असा.

"मंग कोणाच्या हातून झालं, माय?"

रेवताबाईनं फोन कानापासून काढला आणि सुनेपुढं केला, रोज सकाळी चमचा करायची तसा, खाली डाव्या हाताचा तळवा धरून.

"तू सांग. मले नाई सांगता येत."

ज्योत्सनानं फोन घेतला. वहिनी, वहिनी, माय काय म्हणून राहिली, असं चंद्रकला विचारत होती. खोलीच्या दारात प्रेरणा येऊन बसली होती, गुडघ्यांना मिठी मारून, मान वळवून. तिला आत जा म्हणावं, तर ती का म्हणून विचारणार. न म्हणावं, तर ती ऐकणार.

"ताई," ज्योत्सना म्हणाली, "प्रेरणा समोर बसली हाय. हे फोनवर सांगाचं नाई."

चंद्रकलेनं पुन्हा काही विचारलं नाही. म्हणाली, "मी येऊन राहिली. सकाळच्या गाडीनं." आणि फोन ठेवला.

"काय म्हणली?" रेवताबाईनं विचारलं. ज्योत्सनानं सांगितलं. म्हातारीनं मान हलवली. सकाळची गाडी दहाला पोचते, हे तिनं स्वतःशीच म्हटलं. मग नातीला जवळ बोलावून पुढ्यात बसवलं, वेणी सोडली, आणि चुलीच्या उजेडात विंचरू लागली. डावीकडचे केस तिनं आज खाली आणले नाहीत. मागं घेतले, घट्ट धरले, आणि कळीएवढ्या त्या कानाकडं पाहत तशीच बसली.

प्रेरणानं हात वर नेला आणि सवयीनं केस पुन्हा पुढं ओढले.